साखरेच्या पैशांचे वाडे

मुलगा-सून लीड्सला नाहीतर मँचेस्टरला नोकरीला असतात. आई-बाबा उन्हाळ्यात दोन-तीन महिने राहायला जातात आणि मग एखाद्या रविवारी सगळे मिळून ‘कंट्री हाऊस’ बघायला निघतात. तिकीट काढायचं, हिरवळीतून चालत जायचं, मान वर करून रंगवलेली छतं बघायची, चांदीची भांडी, तसबिरी, झुंबरं बघायची आणि बाहेर येऊन बाकावर बसून चहा घ्यायचा. लीड्सजवळचं हेअरवुड हाऊस हे अशा सहलींचं अगदी ठरलेलं ठिकाण. तिथल्या दालनांमधून फिरताना आपल्या माणसाच्या तोंडून एक प्रश्न हमखास निघतो: ‘एवढा पैसा यांनी आणला कुठून?’

प्रश्न साधा आहे, पण ब्रिटनमधल्या इतिहासकारांनी तो हिशोबाच्या वह्या उघडून नेटाने विचारायला सुरुवात केली ती गेल्या काही दशकांतच. हाती आलेलं उत्तर त्या छतांइतकं सुंदर नाही. तरीही ते समजून घ्यायला हवं, कारण या हिशोबाची एक बाजू हिंदुस्थानात येते आणि तिचं एक टोक थेट कोकणापर्यंत पोचतं.

आधी ‘कंट्री हाऊस’ म्हणजे काय ते बघू. शब्दशः अर्थ खेड्यातलं घर, पण प्रत्यक्षात ही हजारो एकर जमिनीच्या मधोमध उभी राहिलेली महालासारखी वास्तू. भोवती बाग, तळं, शिकारीचं रान. त्यापलीकडे मालकाला खंड भरणारी कुळं. आपल्याकडच्या जहागीरदाराच्या गढीसारखंच हे सत्तेचं ठाणं होतं. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये व्यापारात कितीही कमावलं तरी माणूस ‘व्यापारी’च राहायचा. तोच पैसा जमिनीत घातला, मोठं घर बांधलं, की घराणं खानदानी होई. मग मुलगा पार्लमेंटात जाई, नातवाला सरदारकी मिळे. घर बांधणं ही हौस होतीच, पण पैशाची जात बदलून घेण्याची रीतही तीच होती.

आता पैशाकडे येऊ. सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकात सुमारे सव्वा कोटी आफ्रिकन माणसं बळजबरीने जहाजांत कोंबून अटलांटिकपार नेली गेली. त्यांतली ३० लाखांहून जास्त ब्रिटिश जहाजांतून गेली आणि लाखो माणसं वाटेतच मेली. ब्रिटिश जहाजांतून जी जिवंत उतरली त्यांतली बहुतेक कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत विकली गेली. हे मळे म्हणजे शेतीपेक्षा कारखानेच जास्त. ऊस तोडायचा, चरकात घालायचा, रस कढवायचा. हंगामात रात्रंदिवस पाळ्या चालत. अठराव्या शतकात बहुतेक बेटांवर जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होते, म्हणून दरवर्षी नवी माणसं विकत आणावी लागत. गुलामी आपल्याही भूमीला परकी नाही. पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी सापडतात. पण माणसाला कायद्याने मालमत्ता ठरवायचं, आईची गुलामी पोटच्या पोराला वारशाने द्यायची, आणि अशा लाखो माणसांच्या जोरावर एका पिकाचा जगभर व्यापार उभा करायचा, ही व्यवस्था कॅरिबियनमध्ये टोकाला गेली.

ही माणसं विकत घ्यायला कोणता माल लागत होता? बंदुका, दारू, लोखंड आणि कापड. त्या कापडाचा मोठा वाटा हिंदुस्थानी होता. गुजरात आणि कोरोमंडल किनाऱ्यावरचं सुती कापड ईस्ट इंडिया कंपनीमार्फत लंडनला जाई आणि तिथून पश्चिम आफ्रिकेत. त्या कापडाबरोबर कवड्याही जात. मालदीवच्या समुद्रातून काढलेल्या कवड्या हिंदी महासागरातल्या बंदरांतून जहाजांच्या तळाशी भार म्हणून भरल्या जात, युरोपात पोत्यांनी विकल्या जात आणि पश्चिम आफ्रिकेतल्या काही बाजारांत चलन म्हणून मोजून दिल्या जात. ‘कवडीमोल’ हा शब्द आपण रोज वापरतो. माणसाची किंमत खरोखर कवड्यांत मोजली गेली आहे, हे कळल्यापासून मला तो पूर्वीसारखा सहज वापरता येत नाही.

ब्रिटनमध्ये बरीच वर्षं समज असा होता की गुलामांचा व्यापार ही लंडन, ब्रिस्टल आणि लिव्हरपूल या तीन बंदरांची गोष्ट. जहाजं तिथून सुटत, व्यापारी तिथे राहत. मग बाकीच्या देशाचा काय संबंध? कंट्री हाऊसच्या अभ्यासाने हा समज मोडून काढला. पैसा बंदरात थांबत नाही. कर्ज, लग्न, वारसा, सरकारी हुद्दा, जमीन खरेदी अशा अनेक वाटांनी तो आत झिरपतो, आणि प्रत्येक प्रदेशात त्याची वाट वेगळी असते. म्हणून हा विषय प्रदेशवार पाहावा लागतो. मला त्यातली दोन उदाहरणं सगळ्यात बोलकी वाटतात, एक यॉर्कशायरमधलं आणि एक वेल्समधलं. दोन्ही त्या तीन बंदरांच्या बाहेरची.

यॉर्कशायर म्हटलं की इंग्रज माणसाला मेंढ्या, लोकर आणि कोळसा आठवतो. ऊस नक्कीच आठवत नाही. याच भागातल्या लॅसल्स घराण्यातला हेन्री लॅसल्स हा तरुण विशीत असताना बार्बाडोसला गेला. बार्बाडोस हे बेट आपल्या मुंबईपेक्षाही लहान, पण त्या काळी साखरेने गबर झालेलं. १७१५ मध्ये हेन्री ब्रिजटाऊन बंदराचा जकात अधिकारी झाला. बेटावरून जाणाऱ्या साखरेवरची जकात त्याच्या हातात, आणि त्याच वेळी त्याचा स्वतःचाही व्यापार सुरू. पुढे ही जागा त्याच्या सावत्र भावाकडे गेली. जकातीत घोळ केल्याचे आरोप दोघांवरही झाले, चौकश्याही झाल्या. हेन्रीने नौदलाला रसद पुरवण्याचे ठेके घेतले, गुलामांच्या जहाजांत भागीदारी केली आणि लंडनला परतून साखरेची पेढी काढली.

ही पेढी कशी चालायची हे कळलं की सगळं कोडं सुटतं. बेटावरचा मळेवाला साखरेची पिंपं लंडनच्या आडत्याकडे पाठवी. आडत्या ती विकून आपली दलाली कापून घेई, मळेवाल्याला लागणारा माल परत पाठवी, आणि पीक बुडालं किंवा नवे गुलाम घ्यायचे असले की कर्जही देई. तारण म्हणून काय? मळा, आणि मळ्यातली माणसं. गहाणखतात जमीन, चरक, बैल आणि माणसं एकाच यादीत येत. हेन्री लॅसल्सची खरी कमाई या सावकारीत होती. १७५३ मध्ये तो गेला तेव्हा त्याची गणना इंग्लंडमधल्या मोठ्या श्रीमंतांत होत होती.

हेअरवुडची जमीन त्याने १७३० च्या दशकाच्या अखेरीस घेऊन ठेवली होती. घर बांधलं ते बार्बाडोसमध्येच जन्मलेल्या त्याच्या मुलाने, एडविनने. १७५९ ते १७७१ अशी बारा वर्षं बांधकाम चाललं. आराखडा यॉर्कच्या जॉन कारचा, आतली सजावट रॉबर्ट अ‍ॅडमची, बाग केपेबिलिटी ब्राऊनची. फर्निचर थॉमस चिपेंडेलचं. तो जवळच्याच ओटली गावचा, आणि हेअरवुड हे त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम. जुनं गाव हलवून फाटकाबाहेर नवं वसवलं. गवंडी, सुतार, माळी, मोलकरणी अशा किती घरांच्या चुली या पैशावर पेटल्या असतील! बार्बाडोसचा पैसा यॉर्कशायरच्या खेड्यात मुरला तो असा. ओटलीच्या सुताराने एकाही गुलामाचं तोंड पाहिलं नसेल, पण त्याचं बिल चुकतं झालं ते साखरेच्या पैशातून.

घर पूर्ण झालं तेव्हा लॅसल्सांकडे मळे फारसे नव्हते. ते होते सावकार. मग १७७० च्या दशकात पतपेच आला, पाठोपाठ अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाने व्यापार विस्कटला आणि कर्जदार बुडू लागले. सावकाराने गहाण पडलेले मळे ताब्यात घेतले. सावकाराच्या घशात जमीन कशी जाते हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. फरक एवढाच की इथे जमिनीबरोबर तिच्यावरची माणसंही गेली. १७८७ पर्यंत बार्बाडोस, जमैका, ग्रेनेडा आणि टोबॅगो मिळून २७,००० एकरांहून जास्त जमीन आणि सुमारे ३,००० गुलाम लॅसल्सांच्या नावावर झाले होते.

याच यॉर्कशायरमधल्या हल शहरात विल्यम विल्बरफोर्स जन्मला, ज्याने पार्लमेंटात गुलामांच्या व्यापाराविरुद्ध वीस वर्षं किल्ला लढवला. मार्च १८०७ मध्ये व्यापारबंदीचा कायदा झाला आणि दोनच महिन्यांत यॉर्कशायरमध्ये निवडणूक लागली. जागा दोन, उमेदवार तीन: विल्बरफोर्स, वेंटवर्थ वुडहाऊसच्या बड्या घराण्यातला लॉर्ड मिल्टन आणि हेअरवुडच्या मालकाचा धाकटा मुलगा हेन्री लॅसल्स (१७५३ मध्ये गेलेला हेन्री वेगळा). मतदान पंधरा दिवस चाललं. लॅसल्सांची बार्बाडोसमधली मालमत्ता प्रचारात उघडपणे मांडली गेली. विल्बरफोर्स पहिला आला, मिल्टन दुसरा, आणि लॅसल्स २०० पेक्षा कमी मतांनी पडला. त्या काळचे लोक अजाण होते, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, असं म्हणणाऱ्यांनी ही निवडणूक जरूर वाचावी. हेअरवुडचा पैसा कुठून आला हे यॉर्कशायरच्या मतदाराला १८०७ मध्येच चांगलं माहीत होतं. त्याचा विसर पडला तो नंतर.

आता वेल्स. उत्तर वेल्समध्ये बँगर गावाजवळ पेनरिन कॅसल आहे. दिसायला मध्ययुगीन किल्ला, पण बांधलाय एकोणिसाव्या शतकात. पेनंट घराणं इंग्रजांनी जमैका जिंकल्यानंतरच्या काळात तिथे गेलं आणि क्लॅरेंडन भागात उसाचे मळे करून राहिलं. पुढच्या पिढ्या ब्रिटनमध्ये परतल्या. मळे मात्र चालूच राहिले. रिचर्ड पेनंटने पेनरिनच्या अर्ध्या जमिनीच्या वारसदार मुलीशी लग्न केलं आणि उरलेली अर्धी पुढे विकत घेतली. तो लिव्हरपूलचा खासदार होता आणि गुलामांचा व्यापार बंद करू नये म्हणून पार्लमेंटात पुन्हा पुन्हा उभा राहून बोलायचा. जमैकातल्या मळ्यांचा कारभार तो पत्रांनी बघायचा. गुरांविषयी, साखरेविषयी, माणसांविषयी हुकूम लिहिलेली ती पत्रं आजही जपलेली आहेत.

तो नुसता घर बांधून थांबला नाही, हे पेनरिनचं वैशिष्ट्य. त्याच्या डोंगरात पाटीचा दगड होता. आपल्या लहानपणी शाळेत जी दगडी पाटी असायची तोच हा दगड. तिकडे तो छपरांवर घालत. पूर्वी गावकरी थोडाथोडका दगड काढत. १७८२ पासून पेनंटने खाण स्वतःच्या ताब्यात घेतली, रस्ते काढले, पोर्ट पेनरिन हे बंदर बांधलं, आणि १८०१ मध्ये खाणीपासून बंदरापर्यंत घोड्यांनी ओढायच्या डब्यांसाठी रूळ टाकले. या सगळ्यामागे जमैकाच्या साखरेचं भांडवल होतं. इंग्लंडच्या औद्योगिक शहरांत गिरण्या आणि चाळी उभ्या राहत होत्या, त्यांच्या छपरांवर हा वेल्सचा दगड चढत गेला. तेव्हा पेनरिनचा किल्ला बघून परतताना वाटेतल्या गावांची काळीनिळी छपरंही नीट बघावीत. त्यांच्यामागेही तोच पैसा आहे.

वेल्सचा या व्यापाराशी आणखी एक धागा आहे, तोही अगदी गरिबाच्या घरातून जाणारा. मध्य वेल्समध्ये डोंगरातली कुटुंबं घरच्या मागावर जाडंभरडं लोकरी कापड विणत. ते व्यापाऱ्यांमार्फत लंडन-ब्रिस्टलला जाई आणि तिथून मळ्यांवर, गुलामांच्या अंगावर घालायला. हिवाळ्याच्या रात्री दिव्याच्या उजेडात विणणाऱ्या त्या बाईला मी दोष देणार नाही. पण तिचा माग आणि बार्बाडोसचा मळा एकाच दोऱ्याने जोडलेले होते, ही वस्तुस्थिती आहे. ‘प्रादेशिक संबंध’ हे शब्द अभ्यासक वापरतात तेव्हा त्यांना हेच म्हणायचं असतं: मोठ्या वाड्याबरोबर भोवतालचा आख्खा मुलूख या व्यापारात गुंतत गेला.

पेनरिनला आज जे दुःख जवळचं आहे ते वेगळं आहे. नोव्हेंबर १९०० मध्ये खाणीतले सुमारे २,८०० कामगार बाहेर पडले आणि तीन वर्षं झुंजले. जवळच्या बेथेस्डा गावात खिडक्याखिडक्यांत वेल्श भाषेतल्या पाट्या लागल्या: ‘या घरात गद्दार नाही.’ संप मोडला, पण किल्ल्याविषयीची कटुता पिढ्यान् पिढ्या टिकली. त्या किल्ल्यात पाऊल ठेवायचं नाही असा बाणा कित्येक कुटुंबांनी जपला. जमैकातली माणसं मात्र या आठवणीत बराच काळ नव्हती. ती हजारो मैलांवर होती, त्यांच्या नातवंडांना बेथेस्डाच्या खिडकीत पाटी लावता येणार नव्हती. आता नॅशनल ट्रस्ट ही संस्था किल्ल्याच्या दालनांत जमैकाची बाजूही मांडते. गिरणी संप पाहिलेल्या मुंबईकराला बेथेस्डा पटकन समजेल; त्याने तिथे जमैकाही शोधावा.

ब्रिस्टलभोवतीची वाट सरळ होती. व्यापारी शहरात कमवत आणि ग्लॉस्टरशायर-सॉमरसेटमध्ये जमिनी घेत. नेव्हिस बेटावरचा मळेवाला जॉन पिनी ब्रिस्टलमध्ये स्थायिक झाला. त्याचं शहरातलं घर आज संग्रहालय आहे. त्याच्यासोबत आलेला पेरो हा त्याचा गुलाम नोकर. १७६५ मध्ये, बारा वर्षांचा असताना, दोन बहिणींसह त्याला विकत घेतलं होतं. ब्रिस्टलच्या बंदरातल्या एका पादचारी पुलाला १९९९ मध्ये त्याचं नाव दिलं गेलं. याच पिनी घराण्याचं डॉर्सेटमध्ये रेसडाऊन नावाचं घर होतं, आणि तिथे १७९५ ते १७९७ या काळात कवी विल्यम वर्डस्वर्थ आणि त्याची बहीण भाड्याशिवाय राहिले. ज्याच्या निसर्गकविता आपण शाळेत शिकलो त्या कवीच्या डोक्यावरचं छप्परही साखरेचं होतं.

लिव्हरपूलचा पैसा उत्तरेला सरोवरांच्या प्रदेशात गेला. विंडरमिअर तळ्याकाठचं स्टॉर्स हॉल जॉन बोल्टन या गुलामांच्या व्यापाऱ्याचं. आज आपले पर्यटक जिथे होडीत बसून फोटो काढतात, तो हाच काठ.

इथे सावधपणे बोलायला हवं. प्रत्येक कंट्री हाऊस गुलामांच्या पैशावर उभं नाही. कित्येक घराण्यांचा पैसा जुन्या जमिनींचा, कोळशाचा किंवा लोकरीचा आहे. काहींचा हिंदुस्थानातून लुटलेला आहे. वेल्समधल्याच पोविस कॅसलमध्ये क्लाइव्ह घराण्याने नेलेल्या आपल्याकडच्या वस्तू मांडलेल्या आहेत. आणि संबंध असला तरी त्याच्या पायऱ्या असतात. मळ्याचा मालक, जहाजाचा भागीदार, कर्ज देणारा, मळेवाल्याच्या मुलीशी लग्न करून हुंडा घेणारा, वसाहतींच्या महसुलावर पगार घेणारा सरकारी अधिकारी, या सगळ्यांना एका मापाने मोजता येत नाही. बाथजवळच्या डिरॅम पार्कचा मालक विल्यम ब्लॅथवेट हा असाच अधिकारी होता. त्याच्या घरात गुडघे टेकून बसलेल्या, हातात शिंपला धरलेल्या काळ्या माणसांच्या दोन कोरीव आकृती होत्या. पैशाचा एकही कागद हाती लागला नसता, तरी त्या घराला काय मान्य होतं हे त्या आकृत्यांनी सांगितलं असतं.

पण कागद आहेत, आणि ढिगांनी आहेत. ते निर्माण झाले गुलामी संपताना. १८३३ मध्ये पार्लमेंटाने गुलामीबंदीचा कायदा केला. तो १ ऑगस्ट १८३४ पासून लागू झाला. सुमारे ८ लाख माणसं मोकळी होणार होती. सरकारने २ कोटी पौंड भरपाई मंजूर केली, म्हणजे तेव्हाच्या सरकारच्या एका वर्षाच्या खर्चाच्या साधारण ४० टक्के. पण ही भरपाई गुलामांना मिळाली नाही. ती मिळाली मालकांना, ‘मालमत्ता’ गेल्याबद्दल. मुक्त झालेल्यांच्या हाती एक पैसा पडला नाही. उलट बहुतेकांना ‘शिकाऊ’ म्हणून १८३८ पर्यंत त्याच मळ्यांवर फुकट राबावं लागलं.

भरपाईसाठी प्रत्येक मालकाला दावा दाखल करावा लागला. किती माणसं, कोणत्या बेटावर, कोणाच्या नावावर, गहाण कोणाकडे, सगळं लिहून द्यावं लागलं. हे दावे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले केले. त्यानंतर कोणत्याही गावातल्या माणसाला आपल्या शेजारच्या मोठ्या घराचं नाव टाकून शोधता येऊ लागलं. हेअरवुडचा अर्ल, म्हणजे तिथला सरदार (१८०७ ची निवडणूक हरलेला तोच हेन्री लॅसल्स) याला १,२७७ माणसांबद्दल २६,३०७ पौंड मिळाले. पेनरिनच्या जॉर्ज हे डॉकिन्स-पेनंटला ७६४ माणसांबद्दल १४,६८३ पौंड; तो त्या काळात आपला किल्ला बांधतच होता. भागाकार करून बघा. माणशी साधारण २० पौंड.

जॉन ग्लॅडस्टनचा भागाकार वेगळा येतो. तो लिव्हरपूलचा व्यापारी, मूळचा स्कॉटलंडचा. कमाई झाल्यावर त्याने स्कॉटलंडमध्ये फॅस्क हे मोठं घर आणि जमीन घेतली. त्याला २,५०८ माणसांबद्दल १,०६,७६९ पौंड मिळाले, म्हणजे माणशी ४२ पौंडांवर. कारण त्याची बहुतेक माणसं दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर डेमेरारात, म्हणजे आजच्या गयानात, होती. तिथली जमीन नवी आणि कसदार, माणसं कमी. म्हणून तिथे माणसाचा बाजारभाव जास्त, आणि भरपाई ठरवताना तोच भाव धरला गेला. याच डेमेरारात १८२३ मध्ये गुलामांचा मोठा उठाव झाला होता, आणि तो ग्लॅडस्टनच्याच ‘सक्सेस’ नावाच्या मळ्यावरून सुरू झाला होता. त्याचा मुलगा विल्यम पुढे चार वेळा ब्रिटनचा पंतप्रधान झाला.

पैसे मिळाले, पण मळ्यावर राबायला माणसं कुठून आणायची? १८३६ मध्ये ग्लॅडस्टनने कलकत्त्याच्या एका व्यापारी पेढीला पत्र लिहून हिंदुस्थानी मजुरांची मागणी केली. १८३८ च्या मे महिन्यात ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ ही दोन जहाजं सुमारे ४०० हिंदुस्थानी मजूर घेऊन डेमेरारात पोचली. त्यांतले बरेच छोटा नागपूरकडचे आदिवासी होते. कराराने बांधलेल्या या मजुरांनाच पुढे ‘गिरमिटिये’ म्हणू लागले. गंमत नाही, दुःखाची गोष्ट आहे ही: ज्या कायद्याने कॅरिबियनची गुलामी संपवली त्यात ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळलेला होता, आणि हिंदुस्थानात गुलामीला कायद्याने आळा बसला तो १८४३ मध्ये.

मॉरिशसमध्ये हे आधीच सुरू झालं होतं. तिथल्या मालकांना सुमारे २१ लाख पौंड भरपाई मिळाली आणि १८३४ पासूनच हिंदुस्थानातून मजूर उतरू लागले. मुंबई बंदरातून जी जहाजं गेली त्यांत कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसं होती. मॉरिशसमध्ये आजही मराठी समाज आहे, शाळांत मराठी शिकवली जाते, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. आपण कौतुकाने त्याच्या बातम्या वाचतो. ही माणसं तिथे का गेली याचं उत्तर, निदान अर्धं, त्या भरपाईच्या वह्यांत आहे.

आणखी एक. २ कोटींतले दीड कोटी पौंड सरकारने १८३५ मध्ये कर्ज काढून उभे केले. ते कर्ज पुढच्या सरकारी कर्जांत मिसळत गेलं आणि त्याचा शेवटचा भाग फिटला १ फेब्रुवारी २०१५ रोजी. म्हणजे तोवर ब्रिटनमध्ये प्राप्तिकर भरलेल्या प्रत्येकाचा त्यात वाटा आहे, मग तो जमैकाहून आलेल्या नर्सचा मुलगा असो, की स्लाऊ-हॅरोमध्ये राहणारा आपला मराठी इंजिनिअर.

सप्टेंबर २०२० मध्ये नॅशनल ट्रस्टने आपल्या ९३ वास्तूंचे वसाहतवाद आणि गुलामीशी असलेले संबंध अहवालात मांडले आणि मोठं वादळ उठलं. खासदार रागावले, सभासदांनी तक्रारी केल्या, देशाचा अपमान झाला असं म्हटलं गेलं. धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या आयोगाने चौकशी करून मार्च २०२१ मध्ये सांगितलं की ट्रस्टने नियम मोडलेला नाही. मला तो राग समजतो, पण पटत नाही. हेअरवुडचं छत पूर्वी जितकं सुंदर होतं तितकंच आजही आहे. त्याच्याखाली उभं राहून १,२७७ माणसांबद्दल बोलायचं नाही, असा आग्रह मात्र धरता येणार नाही. हेअरवुडच्या आजच्या अर्लनेही तो धरलेला नाही. २०२३ मध्ये अशा घराण्यांच्या वंशजांनी मिळून जो गट स्थापन केला त्यात ते आहेत, आणि त्याच वर्षी ग्लॅडस्टनच्या वंशजांनी गयानात जाऊन जाहीर माफी मागितली. माफीने किती भागतं हा गयानाच्या आणि बार्बाडोसच्या लोकांनी ठरवायचा प्रश्न आहे.

शेवटी दोन नोंदवह्यांविषयी. मॉरिशसला मोका गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये हिंदुस्थानी मजुरांची दफ्तरं आहेत. तिथला मराठी माणूस तिथे जाऊन पणजोबांच्या आजोबांची नोंद काढतो: नाव, बापाचं नाव, जात, गाव, जिल्हा. ते गाव शोधत काही जण कोकणात येऊनही जातात. दुसऱ्या वह्या लंडनला राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. १८३४ पूर्वीच्या काही वर्षांत बेटाबेटांवरून गोळा केलेल्या गुलामांच्या याद्या. बार्बाडोसचा माणूस त्या उघडतो. त्यात एक नाव असतं, बहुतेक मालकाने ठेवलेलं. वय असतं, रंग असतो. आफ्रिकेतून आणलेल्या माणसाच्या गावाच्या जागी एकच शब्द असतो: आफ्रिकन.